जुन्या फोर बाय फोरला डीआरएल: लागण्यापेक्षा विझण्याचा विचार आधी

तुमची अडचण मला कळली ती अशी. नव्वदच्या दशकातली डिझेल फोर बाय फोर, पुढे लोखंडी बंपर आणि विंच, छतावर सोलर पॅनेल. एलईडी डीआरएलची, म्हणजे गाडी दिवसाही समोरच्याला दिसावी म्हणून पुढे लावायच्या दिव्यांची, जोडी आणली, सोबत ते आपोआप लावणारी-विझवणारी एक काळी डबी आली. डबीची लाल आणि काळी वायर बॅटरीला जोडली. पिवळी कशाला आहे ते कळेना, म्हणून टेप गुंडाळून मोकळी सोडली. आता गाडी बंद उभी असताना भर दुपारी दिवे आपोआप लागलेले दिसतात आणि रात्री हेडलाइट लावले तरी विझत नाहीत. एक मेकॅनिक म्हणतो चावीच्या एसीसी खटक्याला जोडा, दुसरा म्हणतो पार्किंग लाइटला जोडा. दोघांत खरं कोण, हा तुमचा प्रश्न.

दोघंही अर्धे बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. एक सांगतोय दिवा कधी लागावा, दुसरा सांगतोय कधी विझावा. बारा व्होल्ट गाडीत कुठूनही उचलता येतात, दिवा पेटवणं दहा मिनिटांचं काम. तो नेमक्या वेळी विझला पाहिजे, तेही ड्रायव्हरने काही न करता. खरं काम तिथे आहे आणि तुमच्याकडे नेमकं तेच राहून गेलंय.

आधी दुपारच्या भुताचा बंदोबस्त करू. या काळ्या डब्यांना इंजिन चालू आहे की बंद, हे थेट कळत नाही. त्या बॅटरीचं व्होल्टेज बघतात. इंजिन बंद असलेली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि डायनामो फिरायला लागला की ते १३.८ ते १४.४ पर्यंत चढतं. व्होल्टेज तेराच्या वर गेलं की डबी समजते इंजिन चालू झालं. तुमच्या छतावरचं सोलर पॅनेल ऊन चढलं की बॅटरीला तेच व्होल्टेज देतं, म्हणून गाडी चावीविना उभी असतानाही डबीच्या हिशेबाने ती धावत असते. घरी चार्जर लावून ठेवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. डबीत बिघाड नाही. तिला चुकीच्या जागेवरून बातमी मिळतेय, एवढंच.

याच्या उलट खोडही जुन्या गाड्यांत दिसते. डायनामोचे ब्रश झिजलेले, पट्टा थोडा सैल, आयडलवर इंजिन कमी फेऱ्यांवर, त्यात ब्लोअर आणि वायपर चालू. मग व्होल्टेज डबीच्या सीमारेषेवरच खालीवर होत राहतं आणि सिग्नलला उभं असताना डीआरएल लुकलुकतात. समोरच्याला वाटतं, हा आपल्याला लाइट मारतोय. नवीन गाडीत चालून गेलेली डबी जुन्या गाडीत अशी बिनसते. म्हणून जुन्या गाडीला मी व्होल्टेज ओळखणाऱ्या डबीच्या भरवशावर सोडत नाही.

आता डीआरएल म्हणजे नेमकं काय, ते दोन आकड्यांत बघू, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरच ठरतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत नियम क्रमांक ८७ या दिव्यासाठी आहे. त्यात समोरून मोजलेली तीव्रता किमान ४०० आणि कमाल १२०० कँडेला सांगितली आहे, रंग पांढरा, प्रकाशणारं क्षेत्र २५ ते २०० चौरस सेंटिमीटर. नियम ४८ मध्ये तो गाडीवर कसा बसवायचा ते आहे: जमिनीपासून २५० ते १५०० मिलिमीटर उंचीवर आणि दोन दिव्यांच्या आतल्या कडांमध्ये किमान ६०० मिलिमीटर अंतर. याच नियमावलीत पुढच्या पार्किंग लाइटची तीव्रता फारतर १४० कँडेला आहे. म्हणजे डीआरएल पार्किंग लाइटपेक्षा कितीतरी प्रखर असतो. भर उन्हात दिसायचं तर तो तसाच हवा. पण तोच दिवा रात्री पूर्ण ताकदीने तुमच्या डिपरशेजारी, म्हणजे हेडलाइटच्या खाली पडणाऱ्या झोताशेजारी, जळत राहिला तर समोरच्याचे डोळे दिपतातच, तुमचा डिपर कितीही नीट लावलेला असला तरी उपयोग नाही. दिवा रात्री विझलाच पाहिजे, याचं कारण हे आहे.

तुमच्याकडच्या जोडीच्या काचेवर ‘आरएल’ ही अक्षरं आणि गोलात ‘ई’ व एक आकडा कोरलेला आहे का, ते बघा. खोक्यावर छापलेलं धरू नका, काचेवर किंवा दिव्याच्या अंगावर हवं. नसेल तर तो शोभेचा दिवा समजा, डीआरएल नव्हे. अशा पट्ट्या जवळून डोळे दिपवतात आणि शंभर मीटरवरून उन्हात दिसतही नाहीत, कारण त्यांचा प्रकाश पुढे न जाता सगळीकडे सांडतो. निळसर झाक असलेल्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. बाहेरून दिवे बसवण्याचे कायदे ठिकाणागणिक बदलतात, तपासणीतही त्यावरून अडवतात, त्यामुळे तुमच्याकडचा नियम आधी बघून घ्या. 

तुमच्या गाडीला हे दिवे मुळात का नाहीत, हे कुणी विचारलं तर सांगायला: स्वीडनमध्ये दिवसा दिवे लावून चालवण्याची सक्ती १९७७ पासून आहे, पण युरोपीय संघाने नव्या मॉडेलच्या मोटारींना डीआरएल सक्तीचे केले ते फेब्रुवारी २०११ पासून. नव्वदच्या दशकात बनलेल्या बहुतेक गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांची सोयच केलेली नाही. आपल्याला ती करून घ्यायची आहे, आणि मूळ हार्नेसला, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याला, कमीत कमी हात लावून.

एक गोष्ट कातर हातात घेण्याआधीच तपासा. तुमची गाडी बारा व्होल्टची आहे ना? जुन्या डिझेल फोर बाय फोरमध्ये काही चोवीस व्होल्टच्या असतात, विशेषतः लष्करी वापरातून आलेल्या. बोनेटखाली दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणून चोवीस होत नाहीत, त्या समांतर जोडलेल्या असू शकतात. मल्टीमीटर लावून बघा. बारा व्होल्टचा दिवा चोवीसवर लावला तर दुसरी संधी मिळत नाही.

आता जोडणी. चावीच्या पहिल्या खटक्यावर एसीसी येतो, म्हणजे रेडिओ वगैरे. दुसऱ्या खटक्यावर ऑन, म्हणजे इग्निशन. एसीसीला डीआरएल जोडला तर मुक्कामाच्या ठिकाणी गाणी ऐकताना दिवेही जळत राहणार. नियम ४८ची अपेक्षा अशी की इंजिन चालू शकेल अशा स्थितीत चावी आली की दिवे आपोआप लागावेत. ती स्थिती म्हणजे ऑन. त्यामुळे पुरवठा ऑनवरून घ्यायचा. डिझेलमध्ये हीटर प्लग तापेपर्यंत चावी ऑनवर धरून थांबावं लागतं, तेवढा वेळ दिवे लागलेले राहतील, त्याने काही बिघडत नाही.

पण ऑनवरची कुठलीही वायर चालेल असं नाही. यांत्रिक पंपाच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत चावी ऑन केल्यावर पंपावरच्या सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) करंट जातो आणि तो असेपर्यंतच इंजिनला डिझेल मिळतं. ती वायर बोनेटखाली अगदी हाताशी असते, म्हणून तिच्यावरच डल्ला मारायचा मोह होतो. उद्या डीआरएलची वायर बंपरमध्ये घासून शॉर्ट झाली की फ्यूज उडेल आणि घाटात इंजिन बंद पडेल. मीटर पॅनेलच्या फ्यूजलाही मी हात लावत नाही, कारण अनेक गाड्यांत डायनामोला जागं करणारा करंट तिथूनच जातो. मी रिव्हर्स लाइटचा किंवा वायपरचा फ्यूज निवडतो. तिथे मीटर लावून तीन गोष्टी बघायच्या: एसीसीवर शून्य, ऑनवर बॅटरीइतकं व्होल्टेज आणि चावी काढल्यावर पुन्हा शून्य. सेल्फ मारताना तिथे व्होल्टेज गेलं तरी चालेल.

एलईडीची चांगली जोडी सगळी मिळून दहा-वीस वॅट खाते, म्हणजे फारतर दीड अँपिअर. हॅलोजन डिपरच्या दोन बल्बना ११० वॅट लागतात, त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. म्हणून मूळ फ्यूजवर ओझं पडत नाही. तरीही आपल्या फांदीला सुरुवातीलाच स्वतःचा तीन अँपिअरचा फ्यूज द्यायचा. शॉर्ट आपल्या वायरीत झाला तर आपलाच फ्यूज उडावा, वायपरचा नव्हे. काचेच्या नळीचे फ्यूज असलेल्या जुन्या पेटीत हल्लीचे पात्याचे फ्यूज-टॅप बसत नाहीत. तिथे फ्यूजच्या बाहेर जाणाऱ्या बाजूच्या वायरीवरून फांदी काढावी लागते.

विझवण्याचं काम एक साधा पाच पिनांचा रिले, म्हणजे करंटने चालणारा स्विच, करतो. त्याच्या अंगावर आकडे छापलेले असतात. ३० नंबरला ऑनवरून आलेली, फ्यूजमधून गेलेली वायर. ८७ए वरून दोन्ही डीआरएलना. ८६ला पार्किंग लाइटची वायर, ८५ला अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जाणारी वायर. ८७ मोकळी, पण तिचं टोक झाकून ठेवा. रिले झोपलेला असताना ३० आणि ८७ए आतून जोडलेले असतात, म्हणून चावी ऑन केली की डीआरएल लागतात. लाइटचा स्विच पार्किंगवर किंवा हेडलाइटवर नेला की पार्किंगच्या वायरीत करंट येतो, रिले ओढला जातो, ८७ए सुटतो आणि डीआरएल विझतात. हेडलाइट बंद केले की पुन्हा लागतात. यात व्होल्टेज मोजणारं कुणी नाही, त्यामुळे सोलरही फसवू शकत नाही. रिलेच्या कॉइलला लागणारा करंट अँपिअरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा, पार्किंगच्या सर्किटला त्याची जाणीवही होत नाही.

हेडलाइटऐवजी पार्किंगची वायर का? एक कारण असं की ओव्हरटेक करताना आपण अप्परचा, म्हणजे हेडलाइटच्या लांब झोताचा, झटका देतो, तेव्हा डीआरएल विझायची गरज नसते. हेडलाइटवर जोडलं तर प्रत्येक झटक्याला डीआरएल डोळे मिचकावतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि जुन्या जपानी फोर बाय फोरवाल्यांनी ते नीट वाचावं.

या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लसवर नसतो, अर्थच्या बाजूला असतो. बल्बच्या सामाईक पिनवर बारा व्होल्ट येऊन थांबलेले असतात आणि स्विच डिपरच्या किंवा अप्परच्या पिनला अर्थ देऊन बल्ब पेटवतो. काहींमध्ये हे बारा व्होल्ट हेडलाइटच्या रिलेतून येतात, काहींमध्ये कायमचेच असतात. कायम असलेल्या गाडीत हेडलाइट बंद ठेवून, प्लग बल्बला लागलेला असताना, मीटरने पाहिलं तर तिन्ही पिनांवर बारा व्होल्ट दिसतात. पुरवठा एकाच पिनवर असतो, पण फिलामेंटमधून तो पलीकडच्या दोन पिनांवरही पोचतो. प्लग बल्बपासून सोडवा आणि प्लगच्या आत मोजा, मग एकाच पिनवर दिसतील. आता समजा, कुणी डबीची पिवळी वायर डिपरच्या पिनला जोडली. दिवसा हेडलाइट बंद, पण पिनवर बारा व्होल्ट, म्हणून डबी समजते हेडलाइट चालू आहेत आणि डीआरएल विझवते. रात्री डिपर लावला की त्या पिनला अर्थ मिळतो, व्होल्टेज शून्याजवळ येतं, डबी समजते हेडलाइट बंद झाले आणि डीआरएल पेटवते. दिवसा अंधार, रात्री लखलखाट. वायरिंग करणारा दिवे बदलतो, डबी बदलतो, आणि गाडी आपल्या जागी बरोबरच असते.

पार्किंग लाइट मात्र अशा गाड्यांतही सहसा प्लसवरच चालतात, म्हणून ती वायर सुरक्षित. तरी सहसा म्हणतोय मी, नेहमी नाही. पार्किंग बंद असताना त्या वायरीवर शून्य आणि लावल्यावर बारा, हे मीटरवर बघितल्याशिवाय जोडू नका. आणि काही कारणाने हेडलाइटवरूनच इशारा घ्यायचा असेल, तर रिलेची कॉइल वायर आणि अर्थ यांच्यामध्ये न जोडता डिपरच्या बल्बच्या दोन टोकांमध्ये जोडा. एक टोक सामाईक पिनला, दुसरं डिपरच्या पिनला. स्विच प्लसला असो की अर्थला, बल्ब पेटतो तेव्हाच त्या दोन टोकांत बारा व्होल्ट असतात. फक्त रिलेच्या आत डायोड असेल तर ८५-८६ची दिशा पाळावी लागते. डायोडऐवजी रेझिस्टर असलेला रिले घेतला तर उलटसुलट कसाही चालतो.

तुमची काळी डबी फेकून द्यावी का? लगेच नको. तिची लाल वायर बॅटरीवरून काढून वर सांगितल्याप्रमाणे ऑनवर आणा आणि मोकळी सोडलेली तिसरी वायर पार्किंगला जोडा, आधी तिच्या कागदावर बघून. रंगावर भरवसा ठेवू नका: एका डबीत पिवळी म्हणजे विझवण्याची वायर, दुसरीत तीच चावीची. एवढ्याने तुमच्या दोन्ही तक्रारी जाव्यात. त्यानंतरही आयडलला लुकलुक राहिली तर डबी काढा आणि रिले लावा. काही डब्या हेडलाइट लावल्यावर डीआरएल पूर्ण न विझवता मंद करतात. तुमच्या दिव्याच्या काचेवर ‘आरएल’शेजारी ‘ए’ हे अक्षरही असेल, तर तो पार्किंग लाइट म्हणूनही मान्य केलेला आहे आणि मंद राहणं ठीक. नसेल तर विझवाच.

डॅशबोर्डवर वेगळा स्विच हवा का, असंही तुम्ही विचारलंय. मी लावत नाही. स्विच बंद राहिला की तो बंद आहे हेच विसरलं जातं, आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आणखी दोन वायरी न्याव्या लागतात त्या वेगळ्या.

इंडिकेटरचं एक पथ्य आहे. जुन्या गाड्यांत इंडिकेटर बंपरमध्ये किंवा हेडलाइटच्या शेजारी असतो आणि डीआरएललाही नेमकी तीच जागा सोयीची वाटते. दोघांत ४० मिलिमीटर किंवा त्याहून कमी अंतर असेल, तर इंडिकेटर चालू असताना त्या बाजूचा डीआरएल विझवायची किंवा मंद करायची मुभा नियमातच दिली आहे, कारण पांढऱ्या झोतापुढे पिवळी उघडझाप हरवते. त्या भानगडीत पडण्यापेक्षा दिवे तळहातभर लांब बसवा. ज्या पट्ट्यांत पांढऱ्यासोबत धावता पिवळा इंडिकेटरही असतो, त्याची पिवळी बाजू जोडूच नका, मूळ इंडिकेटर पुरेसे आहेत.

बसवण्याच्या जागेबद्दल. तुमच्या गाडीचं तोंड सपाट आहे, ही मोठी सोय. मागे झुकलेल्या नाकाच्या गाड्यांत दिवा सरळ पुढे बघेल अशी कोनाची पट्टी बनवावी लागते, तुम्हाला नाही. दिवा जमिनीला समांतर आणि नाकासमोर बघणारा हवा, काचेवर ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर. आडव्या दिशेत दोन्हीकडे २० अंश आणि उभ्या दिशेत वरखाली १० अंश तो मोकळा दिसला पाहिजे, त्यामुळे बुलबारच्या नळीमागे लपवलेला दिवा उपयोगाचा नाही. विंचच्या दोराच्या वाटेत नको. बंपरच्या खालच्या कडेला तर मुळीच नको, चढावर किंवा नाल्यात पहिला दगड तिथेच लागतो. मला आवडणारी जागा म्हणजे बंपरच्या वरच्या अर्ध्यात कापलेला खाचा, दिवा पृष्ठभागाच्या दोन-तीन मिलिमीटर आत. लोखंड कापायचं नसेल तर ग्रिलच्या दोन टोकांना, हेडलाइटच्या आतल्या बाजूला, ६०० मिलिमीटरचं अंतर राहत असेल तर. रेडिएटरच्या मधोमध मोठा दिवा बसवून हवा अडवू नका.

कच्च्या रस्त्यावर दिवा सहसा मोडत नाही, त्याचा पातळ पत्र्याचा ब्रॅकेट मोडतो. खोक्यातला ब्रॅकेट बहुतेक वेळा डांबरी रस्त्यासाठीच असतो. मी तो टाकून जाड पट्टी वापरतो आणि शक्य तिथे दिवा दोन टोकांना पकडतो. एका टोकाला पकडलेला दिवा थरथरतो, आणि खरखरीत रस्त्यावर काही दिवसांत पट्टीला वाकाच्या जागी चीर पडते.

पाण्याचं गणित थोडं फसवं आहे. आयपी६७ म्हणजे स्थिर पाण्यात एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास. ओढा ओलांडताना परिस्थिती वेगळी असते. दिवा तासभर जळून तापलेला, आतली हवा प्रसरण पावलेली. तो गार पाण्यात बुडला की आतली हवा एकदम आकसते आणि वायर जिथून आत जाते तिथून पाणी ओढून घेते. आठवड्याने काचेच्या आत धुकं दिसतं. वायर शिरते ती जागा भरून घेतलेला, हवेचा दाब सांभाळणारी छोटी जाळी असलेला दिवा घ्या. कनेक्टर तोंड खाली करून बांधा आणि वायरीला कनेक्टरच्या आधी एक खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे ओघळणारं पाणी कनेक्टरमध्ये न जाता वळशावरून गळेल. पाण्यात शिरण्याआधी डीआरएल काही मिनिटं बंद राहिले तर उत्तमच. पार्किंग लावलं की ते आपोआप होतं.

वायरिंगमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ अर्थिंगवर घालवतो. जुन्या गाडीत बॉडी रबरी बुशांवर बसलेली असते, बंपर चेसिसला, आणि या दोघांना जोडणारी मूळ पट्टी गंजून कधीच तुटलेली असू शकते. बंपरला अर्थ केलेला दिवा मग दुसऱ्याच दिव्याच्या वायरीतून वाट शोधतो आणि इंडिकेटर दिला की डीआरएल धडधडतो. दोन्ही दिव्यांच्या काळ्या वायरी एकत्र करून बॅटरीच्या मायनसजवळच्या मूळ अर्थ बोल्टवर न्या. बॉडीवर घ्यायचाच तर रंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा. दिवे चालू ठेवून दिव्याची काळी वायर आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मीटर लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा.

वायर एक चौरस मिलिमीटरची पुरते. एवढ्या करंटला पाऊणही चालेल, पण ओढाताणीला एकची बरी. चिमट्यासारखे दाबून बसणारे निळे-लाल टॅप या गाडीत नकोत. ते तांब्याच्या तारा अर्ध्या कापतात, ओल आत शिरते आणि वायर आतून हिरवी पडत जाते. गोंद असलेल्या स्लीव्हसह क्रिम्प करा. सोल्डर करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण थरथरणाऱ्या जागी सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि तिथेच तुटते. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट, बाकी सगळीकडे कॉरुगेटेड पाइप, आणि मॅनिफोल्ड व टर्बो या तापणाऱ्या भागांपासून अंतर राखून. दिवे लावल्यावर वायरलेस सेटवर किंवा रेडिओत गूं असा आवाज आला तर दोष दिव्याच्या ड्रायव्हरचा असतो, ॲन्टेनाचा नव्हे. वायरीवर फेराइटचं कडं घालून बघा. कमी नाही झाला तर दिवे परत करा.

एक धोका बसवण्याचा नाही, वापरण्याचा आहे. डीआरएल फक्त पुढे लागतात, मागचे दिवे काळेच राहतात. पाऊस, धुकं, बोगदा, पुढच्या गाडीने उडवलेली धूळ, अशा वेळी ड्रायव्हरला समोर उजेड दिसतो म्हणून वाटतं दिवे चालू आहेत, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. हल्लीच्या गाड्यांत मीटर पॅनेल कायम उजळलेलं असतं म्हणून ही चूक सर्रास होते. तुमच्या जुन्या गाडीत मीटरचे दिवे पार्किंगसोबतच लागतात, म्हणजे काटे दिसेनासे झाले की हेडलाइट लावायची आठवण आपोआप होते. ते तसंच राहू द्या. काही जण हौसेने मीटरचे दिवेही डीआरएलच्या वायरीवर घेतात, ते करू नका. ताफ्यात धुळीतून चालवताना तर डीआरएलवर विसंबू नका, सरळ डिपर लावा.

काम झाल्यावर तपासणी अंधार पडल्यावर करा, कुणाला तरी समोर उभं करून. चावी एसीसीवर: सगळं बंद. ऑनवर: दोन्ही डीआरएल, सारख्या उजेडाचे. सेल्फ मारताना क्षणभर विझले तर चालेल. पार्किंग लावा, विझले पाहिजेत. अप्परचा झटका द्या, फरक पडता कामा नये. दोन्ही इंडिकेटर आणि मग चारही एकदम लावून बघा, डीआरएल त्यांच्या तालावर नाचत असतील तर अर्थकडे परत जा. ट्रेलर ओढत असाल तर तो जोडून पार्किंगची तपासणी पुन्हा करा, ट्रेलरच्या खराब प्लगमधून पार्किंगच्या वायरीत चोरटा करंट येतो आणि रिले अर्धवट ओढला जातो.

शेवटची मोजणी गाडी बंद करून, सोलर झाकून. बॅटरीची मायनस वायर सोडवून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावा, दारं बंद ठेवा, काही मिनिटं थांबा. घड्याळ आणि रेडिओची आठवण धरून जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवं. मग डीआरएलचा तीन अँपिअरचा फ्यूज काढा. आकडा हलला नाही तर तुमचं काम चोख आहे. हलला, तर डबीची लाल वायर अजून कायमच्या पुरवठ्यावरच कुठेतरी आहे. ती शोधा.